डेक इतका तगडा झाला की खेळायला कोणी येईना

फिरकी_माझ्याकडे | रविवार, रात्री १०:४७

मंडळी, प्रश्न पत्त्यांचा आहे पण जरा घरगुती आहे, त्यामुळे पाल्हाळ होईल. सांभाळून घ्या.

बडोद्यात दांडिया बाजारात आमच्या गच्चीला लागून एक खोली आहे. दोन गाद्या, जुना कूलर, एक पाय हलणारं टेबल. तिथे दर रविवारी दुपारी आम्ही चौघं मॅजिक (मॅजिक: द गॅदरिंग, ज्यात प्रत्येक जण पानं निवडून स्वतःचा डेक बांधतो तो पत्त्यांचा खेळ) खेळतो. मी, फतेहगंजला राहणारा युनिव्हर्सिटीतला मित्र, ऑफिसातला एक गुजराती सहकारी आणि माझी मामेबहीण, जी यंदा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. फॉरमॅट कमांडर. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: प्रत्येकाचा १०० पानांचा डेक, त्यातलं एक पान म्हणजे कमांडर, बेसिक लँड (माना, म्हणजे बाकीची पानं खेळायचं चलन, देणारी साधी पानं) सोडल्या तर कुठलंही पान दुसऱ्यांदा नाही, सुरुवातीला ४० लाइफ. बाकी तिघं बाद झाले की उरेल तो जिंकला.

वर्षभर मजेत चाललं होतं. दिवाळीचा बोनस झाला आणि माझी बुद्धी फिरली. मी उर्झा नावाच्या कमांडरचा डेक बांधला, पूर्ण निळा. उर्झा टेबलावर असला की तुमची कुठलीही आर्टिफॅक्ट (वस्तू-यंत्रांची पानं) आडवी करून, म्हणजे वापरून, एक निळा माना काढता येतो. त्याच्या जोडीला विंटर ऑर्ब हे पान. ऑर्ब सरळ उभा आहे तोवर कुणालाही आपल्या पाळीच्या सुरुवातीला एकच लँड अनटॅप (वापरून आडवी झालेली पुन्हा सरळ) करता येते. आता गंमत बघा. ऑर्ब ही पण आर्टिफॅक्टच. माझी पाळी यायच्या जरा आधी मी ऑर्बच आडवा करतो, एक माना मिळतो वर ऑर्बचा नियम झोपतो. माझं सगळं उभं राहतं. तिघांची एक-एक लँड. कागदावर मांडलं तेव्हा मला स्वतःचाच इतका अभिमान वाटला की आईला दाखवलं. ती म्हणाली, छान आहे हं.

तीन रविवार, तिन्ही वेळा मी जिंकलो. तिसऱ्या रविवारी डाव संपायच्या आधीच बहिणीने पानं गोळा केली, शंकरपाळ्यांच्या स्टीलच्या डब्यात भरली (तिचा डेक त्यातच असतो) आणि म्हणाली, "दादा, मला अभ्यास आहे." आज ती आलीच नाही. संध्याकाळी मामीचा फोन, "काय रे, भांडलात का?"

तर प्रश्न असा. डेक मुद्दाम कच्चा करू? मुद्दाम वाईट खेळू? ते तिला दोन मिनिटांत कळेल आणि मग ती जास्त चिडेल. चांगला डेक बांधणं हा माझ्यासाठी खेळाचा अर्धा आनंद आहे, तो सोडवत नाही. मध्यम मार्ग कुणाला सापडलाय का?

तर्री_वेगळी_द्या | रविवार, रात्री ११:०५

आधी पॉपकॉर्न घेऊन बसतो.

बाकी उत्तर तुमच्या गावातच आहे. आपल्याकडे सेव-उसळीची प्लेट येते तेव्हा तर्री वेगळ्या भांड्यात का देतात? ज्याला जितकी झेपेल तितकी त्याने घ्यावी म्हणून. तुम्ही अख्खं भांडं बहिणीच्या ताटात ओतलंत.

खडूस_स्पाइक | रविवार, रात्री ११:३१

मला हा रडका सूर समजत नाही. खेळायला बसलं की जिंकायला बसायचं. बुद्धिबळात समोरच्याला वाईट वाटेल म्हणून वजीर घरी ठेवून येता का? धागाकर्त्याने बेकायदा काही केलेलं नाही. उर्झा चालतो, ऑर्ब चालतो. बहिणीने उत्तर शोधायला हवं होतं. हिरव्या रंगात आर्टिफॅक्ट फोडणारी पानं ढिगाने आहेत आणि स्वस्त आहेत. दोन पानं घातली असती तर ऑर्ब दुसऱ्या पाळीला कचऱ्यात गेला असता.

हरण्यातून शिकतो तोच खेळाडू. बाकीच्यांनी सापशिडी खेळावी. (ह. घ्या.)

उत्तरायणवाला | सोमवार, सकाळी ८:१२

@खडूस, तुमच्या नावातच सगळं आलं. मॅजिकच्या मुख्य डिझायनरने, मार्क रोझवॉटरने, २००२ मध्ये खेळाडूंच्या तीन तऱ्हा मांडल्या होत्या: टिमी, जॉनी, स्पाइक. आम्ही बडोदेकर हे १४ जानेवारीला गच्चीवर दरवर्षी बघतो, फक्त नावं दिली नव्हती.

एक असतो ज्याला मोठ्ठा पतंग हवा. दोन हात लांबीचा, शेपटीवाला. कापला गेला तरी बेहत्तर, पण चढला की खालच्या गल्लीतल्या सगळ्यांनी मान वर करून बघावं. हा टिमी. दुसरा सकाळपासून किन्ना बांधत बसतो, रात्री दोरीला तुक्कल (कागदी कंदील) लावून उडवतो, पाचातले चार जळतात आणि पाचवा चढला की तो त्या वर्षीचा राजा. हा जॉनी. तिसऱ्याला पतंग लाल आहे की हिरवा याच्याशी देणंघेणं नाही. मांजा कुणाकडून घेतला, ढील कधी, खेच कधी, किती कापले. हा स्पाइक.

तिघं एकाच गच्चीवर मजेत राहतात, कारण आकाश मोठं आहे. टिमीचा कापला तर तो पाच मिनिटांत दुसरा चढवतो. कमांडरच्या टेबलावर अडचण ही की दोर कापली की तास-दीड तास दुसरा पतंग नाही.

आणि विंटर ऑर्बबद्दल माझं मत विचाराल तर तो नायलॉनचा मांजा आहे. पेच जिंकून देतो, पण मग वाडीतलं कुणी तुमच्या गच्चीशेजारी पतंग चढवत नाही. (नायलॉनवर बंदी आहे, ऑर्बवर नाही, एवढा फरक मान्य.)

पोकेमॉन_बाबा | सोमवार, दुपारी १:४०

आमचा अनुभव वेगळ्या खेळाचा, पण रोग तोच. मुलगा नऊ वर्षांचा, निझामपुऱ्यातल्या सोसायटीत पोकेमॉनचं वेड. आधी स्टेशनरीच्या दुकानातली सोनेरी चकाकणारी बनावट पानं, मग मामाने खरी आणून दिली.

पोकेमॉनमध्ये डेक ६० पानांचा. हातात सात पानं येतात आणि त्यात किमान एक बेसिक (थेट मांडता येणारा) पोकेमॉन लागतोच. नसला तर हात दाखवायचा, परत पिसायचं, आणि समोरच्याला एक पान जास्त घेता येतं. चिरंजीवांनी डेकमध्ये सगळे आवडते मोठे प्राणी भरले होते. बेसिक फक्त सहा. दर दुसऱ्या डावाला हात रिकामा, वर समोरच्याला फुकटचं पान. मग रडारड.

मी मुद्दाम हरून बघितलं. तिसऱ्या दिवशी त्याने माझा हात उचलून बघितला आणि विचारलं, "बाबा, हे पान होतं ना तुमच्याकडे? का नाही खेळलात?" मला तोंड लपवायला जागा राहिली नाही. धागाकर्त्याला हात जोडून सांगतो, हे करू नका.

मग आम्ही दोघं जमिनीवर ६० पानं पसरून बसलो. अट एकच: चारिझार्ड निघणार नाही. त्याच्याभोवती बाकीचं बांधायचं. चारमँडर (चारिझार्डचं बेसिक रूप) चार, रेअर कँडी चार म्हणजे मधली पायरी गाळता येते, बाकी बेसिक वाढवून एकूण १२. काढलेल्या प्राण्यांची त्याने वेगळी वही केली आणि त्यांना "सुट्टीवर" पाठवलं. आता सोसायटीत तो निम्मे डाव जिंकतो आणि जिंकतो ते चारिझार्डनेच. त्याला आणखी काही नकोय.

मेंढीकोट_आजोबा | सोमवार, संध्याकाळी ६:२०

तुमच्या उर्झा-बिर्झातलं मला ओ की ठो कळत नाही. वय ७१. पण पानं हातात धरायला लागलो त्याला साठ वर्षं झाली, म्हणून दोन शब्द.

पाच-तीन-दोन खेळला आहात का कुणी? तिघं जण, ३० पानं, दहा-दहा. एकाने पाच हात करायचे, हुकूम तो बोलणार. एकाने तीन, एकाने दोन. पाचवाल्याच्या डोक्यावर ओझं मोठं, पण हुकूम त्याच्या हातात. आणि पुढच्या डावाला हे आकडे फिरतात. आज जो पाचचा राजा, तो पुढच्या वाटपाला दोनचा भिकारी. कुणी कायमचा वरचढ राहू शकत नाही, कारण खुर्चीच फिरती आहे.

तुमचे हे डेक म्हणजे ज्याने त्याने घरून स्वतःचा हुकूम आणलेला. मग भांडणं होणारच. एक दिवस डेकच फिरवा की. तुझा तिने घ्यावा, तिचा तू. मग बोलू.

यूगीचा_मारलेला | सोमवार, रात्री ९:०३

यू-गी-ओ खेळणाऱ्यांना विचारा दुःख काय असतं. समोरच्याची पहिली पाळी चालू असते तेवढ्यात आमच्याकडे कुकरच्या तीन शिट्ट्या होतात. ४० पानांचा डेक, त्यातलं एकही वापरायच्या आत डाव संपतो. तुमच्याकडे निदान एक लँड तरी सरळ होते हो.

नियम_वाचून_आलोय | सोमवार, रात्री १०:१५

आजोबांची कल्पना भन्नाट. त्याला जोडून माहिती देतो.

हा गोंधळ फक्त दांडिया बाजारातला नाही. कमांडर मुळात चाहत्यांनी गप्पांसाठी तयार केलेला फॉरमॅट, तेव्हाचं नाव एल्डर ड्रॅगन हायलँडर. कंपनीने त्यासाठी तयार डेक काढले ते २०११ मध्ये. त्याचे नियम बरीच वर्षं एक स्वतंत्र समिती बघायची. २०२४च्या सप्टेंबरमध्ये समितीने माना क्रिप्ट, ज्वेल्ड लोटस वगैरे महागडी पानं बंद केली, त्यावरून एवढा गदारोळ झाला की थोड्याच दिवसांत कारभार विझर्ड्स ऑफ द कोस्टकडे, म्हणजे मॅजिकच्या कंपनीकडेच, गेला. मग २०२५च्या फेब्रुवारीत त्यांनी डेकांच्या पाच पायऱ्या मांडल्या. पहिली हौशी, पाचवी निव्वळ स्पर्धेची. त्यात खालच्या तीन पायऱ्यांवर सगळ्यांच्या लँड एकदम अडवणारी पानं नकोत असं म्हटलं होतं, आणि उदाहरणांत विंटर ऑर्बचं नाव होतं. म्हणजे धागाकर्ते चौथ्या पायरीवर उभे राहून दुसऱ्या पायरीवरच्यांना ढकलत होते.

माझं प्रामाणिक मत, पायऱ्यांचे आकडे टेबलावर फारसे कामाला येत नाहीत. विचारलं की प्रत्येक जण "माझा तीनवाला आहे" म्हणतो. आम्ही एकच प्रश्न विचारतो: तुझा डेक मनासारखा चालला तर कितव्या पाळीला संपवतो? एक म्हणाला चौथ्या, दुसरा म्हणाला दहाव्या, की त्यांनी एकत्र बसायचं नाही किंवा एकाने डेक बदलायचा. अर्ध्या मिनिटात काम होतं.

खिसा_फाटका | सोमवार, रात्री ११:२२

मला खरा प्रश्न पैशांचा वाटतो, त्यावर कुणी बोलेना. बाहेरून मागवलेल्या पानांवर कस्टम ड्युटी, कुरिअर, मग कुणी विकणारा मधे आपला वाटा ठेवणार. ज्याची नोकरी आहे त्याचा डेक आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलीचा डेक यांची तुलनाच का?

दोन उपाय. पहिला, पॉपर. ६० पानांचा डेक आणि सगळी पानं कॉमन, म्हणजे सगळ्यात सहज मिळणाऱ्या दर्जाची, छापलेलीच. ऐकायला भिकार वाटतं, पण त्यात समोरच्याचं पान रद्द करणारा काउंटरस्पेल आहे, एका लाल मानात तीन डॅमेज देणारा लाइटनिंग बोल्ट आहे, आणि खेळ इतका चुरशीचा होतो की विचारू नका. दुसरा, झेरॉक्स. घरगुती खेळात पानावर कागद लावून खेळायला कंपनीचीही हरकत नाही. अधिकृत स्पर्धेत ते चालत नाही, एवढंच. आम्ही बेसिक लँडवर पेनाने नाव लिहून खेळतो. कुणी हसत नाही.

खडूस_स्पाइक | मंगळवार, सकाळी ७:५०

पॉपरला +१. बघा, चुरस गरिबालाही परवडते.

खारीचा_वाटा | मंगळवार, दुपारी ३:०६

नमस्कार. ती मामेबहीण मी. दादाला वाटतं मी इथे फक्त पाककृती वाचते.

पहिली गोष्ट, मी हरले म्हणून उठले नाही. या वर्षभरात मी मोजून दोनदा जिंकले आहे आणि तरी दर रविवारी आले. माझा डेक खारींचा आहे. चॅटरफँग नावाचा खारींचा सेनापती आहे, तो असला की कुठलंही टोकन (एखाद्या पानामुळे येणारी, डेकबाहेरची सोंगटी) आलं की त्याच्याबरोबर तितक्याच खारी येतात. दोनाच्या चार, चाराच्या आठ. एकदा माझ्याकडे ३४ खारी झाल्या होत्या, मोजायला तूरडाळ आणली होती आजीने. तो डाव मी हरलेच, पण अजून सांगते सगळ्यांना.

दुसरी गोष्ट. तिसऱ्या रविवारी मी घड्याळ बघत होते. सव्वाचारला ऑर्ब आला. चार सदतीसला मी उठले. या बावीस मिनिटांत मी काय केलं? पान ओढलं, एक लँड सरळ केली, "पास" म्हटलं. पुन्हा पान ओढलं, लँड, "पास". दादा तोपर्यंत कपाळाला बोट लावून विचार करत होता. तिकडे दादाचे सहकारी प्रत्येक वेळी विचारत होते, "हवे मारो वारो क्यारे आवशे?" दादा तेव्हाच जिंकलेला होता, सगळ्यांना दिसत होतं. पण त्याच्याकडे संपवायला काही नव्हतं! कुलूप लावून किल्ली शोधत बसला होता.

हरवायचंय तर हरव ना. बसवून का ठेवतोस?

@खडूस_स्पाइक, आर्टिफॅक्ट फोडणारी तीन पानं आहेत माझ्या डेकमध्ये. दोन हातात होती. खेळायला लँड नव्हत्या.

तर्री_वेगळी_द्या | मंगळवार, दुपारी ३:१५

बावीस मिनिटं घड्याळ लावून! ताई, तुम्हाला दंडवत.

अवांतर: खारी म्हटल्यावर मला चहात बुडवायची आठवली. बाकी चालू द्या.

खडूस_स्पाइक | मंगळवार, दुपारी ४:४४

ताई, रागावू नका, पण डेकमध्ये लँड किती आहेत ते सांगा.

खारीचा_वाटा | मंगळवार, दुपारी ४:५१

तीस. जास्त घातल्या तर खारी काढाव्या लागतात.

शिकणारा_सांख्यिकीचा | मंगळवार, रात्री ८:३०

टेबलावरचा तिसरा मी, फतेहगंजवाला. दोघांना ओळखतो, दोघांच्या घरी जेवतो, त्यामुळे जपून लिहितो. पण ३० हा आकडा वाचून राहवलं नाही, वही काढली.

कमांडर बाजूला ठेवला की ९९ पानं उरतात. त्यात ३० लँड असतील तर पहिल्या सात पानांत एकही लँड नसणं किंवा एकच असणं, याची शक्यता ३१ टक्क्यांच्या आसपास. दर तीन हातांमागे जवळजवळ एक हात मेलेला. तिथे ३७ लँड केल्या तर तीच शक्यता १९ टक्क्यांच्या खाली येते. सात पानांचा फरक फक्त. पहिलं मुलिगन (हात परत करून नवा घेणं) आपल्याकडे फुकट असतं हे खरं, पण फुकट म्हणून किती वेळा वापरणार?

आता हे खेळाच्या मजेशी कसं जोडलेलं आहे ते सांगतो, कारण माझ्या मते सगळे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवतायत. डेकचे दोन भाग करा. एक, तो चालतो का: लँड, माना काढणारी पानं, पानं ओढायची सोय, समोरचं संकट काढायची सोय. दुसरा, तो जिंकतो कसा. पहिल्या भागात हौस आणलीत तर मजा तुमचीच जाते, कारण ३४ खारी सोडा, पहिली खारसुद्धा पाचव्या पाळीला येते. इथे खडूसरावांसारखं निर्दय व्हावं. हौस करायची ती दुसऱ्या भागात. खारींनीच मारीन, चारिझार्डनेच मारीन, ही अट स्वतःवर घालून घ्यायची आणि ती पाळून डेक जितका घट्ट करता येईल तितका करायचा. पोकेमॉनबाबांनी नकळत नेमकं हेच केलं.

आमच्या फिरकीने उलटं केलं. पहिला भाग अप्रतिम, पण त्याला दुसरा भागच नाही. तुझ्या डेकमध्ये डाव संपवणारी पानं मी मोजली, साडेतीन आहेत. अर्धं का ते तुला माहीत आहे. अरे, कुलूप लावायचं तर दोन पाळ्यांत आटप, नाहीतर लावू नकोस.

फिरकी_माझ्याकडे | मंगळवार, रात्री ९:१२

वाचतोय सगळं. बावीस मिनिटं मला सहा-सात वाटली होती, शपथ.

रविवारी आजोबांचा प्रयोग करू. डेक फिरवायचे. बहिणाबाई, येशील का? सेव-उसळ माझ्याकडून, पाव जास्तीचे.

खारीचा_वाटा | मंगळवार, रात्री ९:१४

उर्झा मी घेणार.

उत्तरायणवाला | बुधवार, सकाळी ९:००

रविवारचा वृत्तांत आला नाही तर धागा कापला जाईल. लपेट!

फिरकी_माझ्याकडे | रविवार, रात्री ११:१८

वृत्तांत.

बहिणीकडे उर्झा. माझ्याकडे शंकरपाळ्यांचा डबा. मित्राकडे सहकाऱ्याचे ड्रॅगन आणि सहकाऱ्याकडे मित्राचा तो डेक ज्यात प्रत्येक पानावर बारा ओळी लिहिलेल्या असतात. ते बिचारे पहिला अर्धा तास नुसते वाचत होते.

माझा पहिला हात: एक लँड, सहा खारी. मुलिगन. दुसरा हात: दोन लँड. ठेवला. तिसरी लँड सहाव्या पाळीला आली. मधल्या वेळात माझ्या हातात टोस्की, डीप फॉरेस्ट हर्मिट, स्क्विरल नेस्ट, एकाहून एक गोड पानं, आणि मी काचेच्या कपाटासमोर उभ्या पोरासारखा त्यांच्याकडे बघतोय. तेव्हा ऑर्ब आलेलासुद्धा नव्हता! म्हणजे मागच्या महिन्यात तिची जी गत झाली तिचा अर्धा हिस्सा डब्यातच होता, आणि मी सगळं श्रेय स्वतःकडे घेऊन मिरवत होतो.

मग तिने ऑर्ब टाकला. तीन आठवडे ती नुसती "पास" म्हणत नव्हती हे तेव्हा कळलं. आपल्या पाळीआधी ऑर्ब आडवा करायची वेळ तिने एकदाही चुकवली नाही. मी दोनदा चुकवलीय. आणि ती रेंगाळली नाही. उर्झाबरोबर जो कन्स्ट्रक्ट येतो, जो जितक्या आर्टिफॅक्ट तितका मोठा होतो, त्याला ती सरळ हल्ल्याला धाडत राहिली. मी त्याला कायम राखणीला मागे बसवायचो. कुलूप लागल्यापासून चार पाळ्यांत तिघंही गार. सहकारी म्हणाले, "आ तो सारू, जल्दी पती गयु." त्यांना हरल्याचं काही नव्हतंच, लवकर संपल्याचा आनंद होता, कारण उसळ निवत होती.

संध्याकाळी तिचा डेक जमिनीवर पसरला. सात पानं काढायची होती, पाऊण तास लागला. पहिली चार सहज निघाली, ती तिने फक्त चित्रासाठी ठेवली होती. पाचव्यावर भांडण. सहावं मी सुचवलं टोस्की, तर तिने माझ्या हातावर चापट मारली. आपला कुठलाही प्राणी समोरच्याला लागला की तो पान ओढू देतो, ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं, तिचं बरोबर होतं. शेवटी सात उतरल्या. पोकेमॉनबाबा, तुमच्यासारखीच आता आमच्याकडेही "सुट्टीवरच्या खारीं"ची पाकिटं झाली आहेत.

माझ्या डेकमधून ऑर्ब काढला. त्याच्या जागी काय घालायचं ते ठरलं नाही, तूर्त एक साधं आयलंड (निळी बेसिक लँड) ठेवलंय. खडूसराव हसतील, हसू देत. पुढच्या रविवारपासून नियम: बसण्याआधी प्रत्येकाने कितव्या पाळीचा डेक ते सांगायचं, आणि महिन्यातून एकदा फिरते डेक.

मेंढीकोट_आजोबा | सोमवार, सकाळी ६:०५

वा. उसळीचं निमंत्रण मात्र आलं नाही.

खडूस_स्पाइक | सोमवार, सकाळी ८:४०

हसलो नाही. चार पाळ्यांत संपवलं ना ताईंनी? मी पहिल्या दिवसापासून काय वेगळं म्हणत होतो! बाकी ऑर्बच्या जागी आयलंड म्हणजे कडूनिंबाच्या जागी तुळस. चालेल, पण डेक दुसरा झाला.

खारीचा_वाटा | सोमवार, दुपारी २:३३

दादा, एक विचारायचं होतं. तो काढलेला ऑर्ब तू कुठे ठेवलायस? बिनरंगी आहे ना तो, म्हणजे माझ्या डेकमध्येही चालतो. माझ्याकडे माना काढणारे एल्फ आहेत सहा, त्यामुळे लँड आडव्या राहिल्या तरी माझं अडत नाही. तुमचं अडेल. आणि तोपर्यंत खारी झालेल्या असतील, लगेच संपवीन, बावीस मिनिटं नाही लावणार.

रविवारी घेऊन ये.

फिरकी_माझ्याकडे | सोमवार, दुपारी २:३६

मामीला फोन लावतोय.